गप्पा रंगल्या होत्या, मग कागदावर का विरल्या?

पत्र: आम्ही पाच जण कॉलेजपासूनचे मित्र, सगळे पन्नाशीच्या पुढचे. एक मैत्रीण चित्रकार, एक मित्र पूर्वी नाटकात होता, एकाने काही वर्षं पक्षाचं काम केलं आणि मग सोडलं, एक बँकेतून निवृत्त झाला, आणि मी शिक्षिका. संस्कृती, राजकारण, आपापली कला आणि बदललेला काळ यांवर आम्ही तीन बैठकांत मनसोक्त बोललो आणि ते फोनवर रेकॉर्ड केलं. एकूण सात तास झाले. त्याचं छोटंसं पुस्तक करायचं मनात आहे. पण उतरवायला बसले तर निम्मं कळतच नाही, आणि जे कळतं ते वाचताना कंटाळा येतो. राजकारणावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं, आता नाटकवाला म्हणतो राजकारण काढूनच टाक. चित्रकार मैत्रीण म्हणते माझं बोलणं पुसून टाक. बँकेतला मित्र तर सात तासांत जेमतेम ११ मिनिटं बोललाय, मी मोजलं. यातून काही निघेल, की नाद सोडू? – पाचांतली एक

उत्तर:

नाद सोडू नका. मात्र सात तासांतलं दीड-पावणेदोन तासांचंच बोलणं कामाला येईल, हे आधीच पत्करा. मोकळ्या गप्पांच्या एका तासाचे साधारण ६ ते ८ हजार शब्द होतात. म्हणजे तुमच्यापाशी पन्नास हजारांच्या आसपास शब्द पडले आहेत. त्यातले १२-१३ हजार ठेवलेत तर पुस्तक वाचलं जाईल. सगळे ठेवलेत तर नातेवाईक चाळून, 'छान झालंय' म्हणून कपाटात ठेवतील.

आधी कंटाळ्याचं बघू, कारण खरी गोम तिथे आहे, आवाजात नाही. तुम्ही विषय घेऊन बसलात. 'आज संस्कृतीवर बोलू या' असं ठरलं की जो तो मत द्यायला लागतो, आणि आपली मतं बहुतेक चारचौघांसारखीच असतात. वाचन कमी झालं, माणसं दुरावली, राजकारण घसरलं, मोबाइलने वाट लावली. बैठकीत हे छान वाटतं कारण समोरचा मान डोलावतो. कागदावर ती डोलणारी मान येत नाही. नुसतं वाक्य येतं, आणि ते वाचकाने शंभरदा ऐकलेलं असतं.

मतापेक्षा मत कुठे वळलं ती जागा धरा. 'राजकारण घसरलं' म्हणणाऱ्या मित्राला विचारा: तू शेवटचा घरोघर प्रचाराला कधी गेलास? बरोबर कोण होतं? दुसऱ्या दिवशी का गेला नाहीस? 'पूर्वी नाटकाला किती दर्दी यायचे' म्हणणाऱ्याला विचारा: तुमच्या सगळ्यात वाईट पडलेल्या प्रयोगाला किती माणसं होती, आणि त्या रात्री सामान कोणी आवरलं? 'का' हा प्रश्न जपून वापरा. 'का' विचारलं की माणूस वकिली करायला लागतो. 'केव्हा', 'कुठे', 'मग काय केलंस' असं विचारलं की तो आठवायला लागतो. एका बैठकीला असे सहा-सात प्रश्न पुष्कळ होतात. वीस प्रश्नांची यादी घेऊन गेलात तर उत्तरं फॉर्म भरल्यासारखी येतील.

कलेबद्दल बोलताना तर गाजलेल्या कामावरचे प्रश्न सरळ टाळा. त्या गोष्टी सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या असतात, त्यातले विनोदही ठरलेल्या जागी येतात. अर्धवट सोडलेल्या कामाबद्दल विचारा. सोडलेल्या कामात पैसा येतो, घर येतं, धाडस कुठे संपलं ते येतं, आणि काळ बदलल्याचं कोणी न म्हणता दिसतं. मैत्रिणीला अर्धवट राहिलेलं एखादं चित्र प्रत्यक्ष समोर ठेवायला सांगा. वस्तू हातात असली की आठवण तपशिलात उतरते: हा रंग तेव्हा मिळेना म्हणून तो वापरला, हा कोपरा रागात खरवडला. नाटकवाल्याकडे संहितेची जुनी प्रत असेल तर तिच्या समासातल्या खुणा एकेक करून वाचायला लावा. अर्ध्या तासाला एक वस्तू, एवढा हिशोब ठेवा.

'तेव्हा सगळं चांगलं होतं' हा सूर तुमच्या बैठकांत असणारच, पत्रात लिहिलं नसलं तरी. त्याचं एक कारण स्मृतीच्या घडणीत आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या, की साधारण वयाच्या १० ते ३० वर्षांमधल्या आठवणी इतर काळापेक्षा जास्त निघतात. हे स्मृतीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणजे तुमचे मित्र दोन काळांची तुलना करतोय असं समजतात, पण तुलना चाललेली असते विशीतल्या स्वतःची आणि आजच्या जगाची. त्यात आजचं जग हरणारच! यावर उतारा सोपा आहे. प्रत्येकाला त्या काळातल्या अशा तीन गोष्टी विचारा, ज्या परत आलेल्या त्याला मुळीच चालणार नाहीत. आणि पुढचा प्रश्न: तेव्हाच्या आपल्या कंपूत कोण नव्हतं? कोणाला बोलावलंच नव्हतं? या दुसऱ्या प्रश्नावर बैठक गप्प होते. ती शांतता कापू नका.

आता एकत्र बसण्याबद्दल. पाच जण मिळून आठवलं की जास्त आठवेल असं वाटतं, होतं उलटं. पाच माणसांनी एकेकट्याने आठवून ते एकत्र केलं, तर त्याच पाचांनी एकत्र बसून आठवल्यापेक्षा जास्त निघतं. १९९०च्या दशकातल्या प्रयोगांत हे स्पष्ट झालं. एक जण बोलत असताना दुसऱ्याच्या आठवणीचा धागा तुटतो. शिवाय पहिल्याने ठामपणे चुकीचं सांगितलं, तर पुढच्याच्या आठवणीत ते बेमालूम शिरतं, आणि महिन्याभराने तो ते स्वतः पाहिल्यासारखं सांगतो. म्हणून राहिलेलं रेकॉर्डिंग या क्रमाने करा: आधी प्रत्येकाशी एकट्याने ४० मिनिटं, तेच सहा प्रश्न विचारून. मगच सगळ्यांची एक बैठक, दीड तासाच्या वर नाही. त्या बैठकीच्या सुरुवातीला दहा मिनिटं सगळ्यांनी न बोलता कागदावर लिहायचं. ज्याने लिहिलंय तो मग दुसऱ्याच्या प्रवाहात वाहून जात नाही, कारण कागद त्याच्यासमोर असतो.

राजकारण. काढू नका. ते काढलंत तर उरलेलं सगळं अधांतरी होईल. नाटकाचा गट का मोडला, कोणाची बदली झाली, कोणत्या विषयाला हात लावायला सगळे बिचकले, हे राजकारणाशिवाय सांगताच येत नाही. काढायची आहे ती निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशीची चर्चा: कोण जिंकेल, कोण चोर, कोणाचं चुकलं. ती सहा महिन्यांत शिळी होते.

भांडण होतं ते बहुतेक वेळा तीन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे: काय घडलं, तेव्हा मला काय वाटलं, आणि आज काय वाटतं. या तिन्ही वेगळ्या विचारा, आणि याच क्रमाने. मधलीवर सगळ्यात कमी विश्वास ठेवा. १९७२मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर जाण्याआधी, काय काय घडण्याची किती शक्यता आहे याचे अंदाज मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने विद्यार्थ्यांकडून घेतले. दौऱ्यांनंतर त्याच विद्यार्थ्यांना त्यांचेच जुने अंदाज आठवायला सांगितले. जे घडलं होतं, त्याची शक्यता आपण आधीच जास्त धरली होती, असं अनेकांना आठवत होतं. 'मी तेव्हाच म्हटलं होतं' या वाक्याचं मूळ हेच. तुमच्या मित्रांपैकी कोणी ते म्हणालं, तर वाद घालू नका. तेव्हाचा कागद मागा: पत्र, डायरी, पत्रक, सभेचं निमंत्रण, निदान फोटोमागची तारीख. कागद मिळाला तर दोन्ही शेजारी छापा, माणूस तेव्हा काय म्हणत होता आणि आता त्याला काय आठवतं. या दोहोंतलं अंतर हाच तुमच्या पुस्तकातला बदललेला काळ. नाही मिळाला तर 'आज मला आठवतं ते असं' एवढी कबुली वाक्यात येऊ द्या.

आणि झालेल्या भांडणाचं काय? ते रेकॉर्डिंग पुसू नका, पण छापूही नका. दोघांना वेगवेगळं बसवून तोच प्रसंग पुन्हा सांगायला लावा. ऐकणाऱ्याने 'पण' हा शब्द वापरायचा नाही, फक्त उलगडून घेणारे प्रश्न विचारायचे: हे तू स्वतः पाहिलंस की ऐकलंस? तेव्हा तू कुठे उभा होतास? मग दोन्ही हकिगती एकापुढे एक छापा, मध्ये तुमचा न्याय नको. मित्रांच्या पुस्तकात संपादकाने समेट घडवून आणला की वाचकाला लगेच वास येतो.

तारखा चुकतील. इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या गावात १९४९मध्ये नाटोविरोधी निदर्शनांत पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण कामगार मारला गेला. पुढे कित्येक वर्षांनी मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेक कामगारांनी तो मृत्यू १९५३च्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळचा म्हणून सांगितला. स्मरणशक्तीचा दोष म्हणून ते झटकून टाकता आलं असतं. पण त्या चुकीतूनच कळलं की, गावाच्या मनात तो मृत्यू नोकऱ्या गेल्याच्या घावाशी जोडला गेला होता. म्हणून मित्राने चुकीचं साल सांगितलं तर त्याच्या तोंडचं वाक्य तसंच ठेवा आणि खाली बारीक अक्षरात खरं साल द्या. अपवाद एकच: चुकीच्या तारखेमुळे कोणावर ठपका येत असेल, तर ते वाक्य बाद.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. निम्मं कळत नाही कारण फोन बहुधा सगळ्यांच्या मधोमध होता. बोलणारा दुप्पट लांब गेला की त्याचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने खाली येतो, पंख्याचा आणि भिंतीवरून परतणारा आवाज मात्र तेवढाच राहतो. पुढच्या वेळी दोन फोन ठेवा, प्रत्येक बोलणाऱ्यापासून हातभराच्या आत. टेबल उघडं असेल तर फोनखाली घडी घातलेलं जाड कापड. विमान मोड चालू, पंखा बंद, खिडकी बंद. दोन्ही रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर एकदा मोठ्याने टाळी वाजवा, नंतर त्या टाळीवरून दोन फायली जुळवता येतात. मिनिटभराची चाचणी घेऊन ती हेडफोनवर ऐका. ही पायरी सगळे गाळतात, आणि तीच सगळ्यात महागात पडते. वेव्ह (WAV, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या फायलीच्या) प्रकारात, एका वाहिनीवर (मोनो), नेहमीच्या ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिट दर्जाला एका तासाला सुमारे ३०० एमबी लागतात, तेवढी जागा मोकळी करून ठेवा. त्याच रात्री तीन प्रती करा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. फायलीचं नाव तारखेने सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. वर्षभराने 'नवीन रेकॉर्डिंग ७' म्हणजे काय ते तुम्हालाही आठवणार नाही.

उतरवण्याला एका तासामागे चार ते सहा तास धरा. सगळे एकदम बोलत असतील तिथे आठसुद्धा. म्हणून सगळं उतरवू नका. आधी सात तास नुसते ऐका, हातात वही. दर पाच मिनिटांना एक ओळ: मिनिट, कोण बोलतंय, कशाबद्दल. जिथे कोणी ठरावीक वाक्य सोडून काही वेगळंच बोलला, अडखळला, किंवा हसता हसता थांबला, तिथे खूण करा. खुणांच्या मागेपुढे तीन-तीन मिनिटं, तेवढंच उतरवा. यंत्राकडून मजकूर काढून घेणार असाल तर तो कच्चा खर्डा समजा. अशी साधनं नावं चुकवतात, एकमेकांत मिसळलेली वाक्यं गिळतात, आणि कधी कधी शांततेच्या जागी कोणी न बोललेलं वाक्य घालतात. आवाज ऐकून ताडल्याशिवाय त्यातलं एकही वाक्य कोणाच्या नावावर छापू नका. आणि फाइल परक्या सर्व्हरवर चढवायच्या आधी पाचही जणांना विचारा.

संपादन करताना तीन वेगवेगळ्या फायली ठेवा: मूळ आवाज, शब्दशः उतारा, आणि छापायचा मजकूर. पहिल्या दोहोंना नंतर हात लावायचा नाही. छापायच्या मजकुरातून 'म्हणजे', 'ना', 'काय म्हणतात ते' यांतले बहुतेक काढा, पण सगळे नाही. एखादा माणूस अवघड गोष्टीच्या तोंडाशी येऊन तीनदा 'म्हणजे' म्हणत असेल, तर ते तीन 'म्हणजे' राहू द्या. बोलीचं प्रमाण लेखी भाषेत रूपांतर करू नका. 'गेलो व्हतो'चं 'गेलो होतो' केलंत की माणूसच बदलतो, आणि उलट, मुद्दाम बोली रंगवून घातलीत तर तो हास्यास्पद होतो. शिक्षिका आहात, लाल पेन आवरायला जड जाईल! तुमचा घातलेला शब्द चौकटी कंसात हवा. मजकुराचा क्रम बदलला तर हरकत नाही, पण एकाच्या प्रश्नाला दुसऱ्याने दुसऱ्या दिवशी दिलेलं उत्तर कधी जोडू नका. वाचायला झकास होतं, आणि मैत्री तुटते ती याच जोडकामावरून.

प्रकरणांना 'संस्कृती', 'राजकारण', 'सर्जनशीलता' अशी नावं देऊ नका. ती पाट्या लावलेल्या कप्प्यांसारखी दिसतात. वस्तू किंवा प्रसंग घ्या: मोडलेला गट, परत केलेलं पक्षाचं कार्ड, न विकलेलं चित्र. एकाच प्रकरणात सगळं आपोआप येतं. मैत्री कशी जमली यावर सुरुवातीला पानभर मजकूर पुरे. ती तुम्हाला प्रिय आहे, वाचकाला अजून नाही.

आता चित्रकार मैत्रीण. तिला तिचं बोलणं मागे घ्यायचा पूर्ण अधिकार आहे, कारण न देता. 'अगं, त्यात काय एवढं' असं एकदाही म्हणू नका. फक्त एवढं विचारा की सगळं नको आहे की ठरावीक भाग. तिच्यापुढे चार वाटा ठेवा: नाव न देता छापणं, तिने स्वतः लिहून देणं, ठरावीक वर्षं बंद ठेवणं, पूर्ण पुसणं. नाव गाळण्याबद्दल खरं सांगा: तुमच्या ओळखीच्या वर्तुळात ते कोणाचं बोलणं हे सगळ्यांना कळेलच. पुसायचं ठरलं तर सगळ्या प्रतींतून पुसा. फोनमधून आपोआप ऑनलाइन साठवली गेलेली प्रत आणि गटात पाठवलेली क्लिप या दोन जागा हमखास राहतात. तिच्या बोलण्याला इतरांनी दिलेली उत्तरंही काढावी लागतील, नाहीतर पुस्तकात माणसं भिंतीशी बोलताना दिसतील.

हे प्रकरण झालं कारण संमती आधी घेतली नव्हती. आता प्रत्येकाकडून एका पानाचं लेखी घ्या: काय छापणार, किती प्रती, कोणाला देणार, इंटरनेटवर जाणार की नाही, आणि मागे घ्यायची शेवटची तारीख. छापण्याआधी प्रत्येकाला त्याचा मजकूर वाचायला द्या, मग सगळ्यांना सगळा. पंधरा दिवसांची मुदत द्या. मुदतीत उत्तर आलं नाही तर तो होकार धरायचा नाही, फोन करायचा. बैठकीत नसलेल्या माणसांबद्दलचं, म्हणजे जुने सहकारी, आधीचे जोडीदार, यांच्याबद्दलचं बोलणं वेगळं काढा. सांगणाऱ्याने स्वतः काय केलं ते राहू द्या. दुसऱ्याने काय केलं याचा जो भाग त्याला विचारल्याशिवाय छापता येत नाही, तो जाऊ द्या.

कामाला सुरुवात मात्र बँकेतल्या मित्रापासून करा. जो सात तासांत ११ मिनिटं बोलला, त्याने उरलेले सगळे तास ऐकलं आहे. चौघांच्या कोणत्या गोष्टी दरवेळी वाढतात आणि कोणत्या गळतात हे त्याला ठाऊक असणार. त्याची ती ११ मिनिटं आधी शब्दशः उतरवा. तो कुठे सुरू झाला आणि कोणी त्याला तोडलं, हे मिनिटासह लिहा. मग एकटीने त्याला भेटा. समोरासमोर बसू नका, शेजारी किंवा काटकोनात बसा, मध्ये त्याचीच एखादी वस्तू. तोडलेल्या वाक्यांपैकी एक त्याला वाचून दाखवा आणि म्हणा, 'इथून पुढे?' त्यानंतर मनातल्या मनात दहा अंक मोजा. तो बोलला नाही तरी दुसरा प्रश्न टाकू नका. ४० मिनिटं झाली की रेकॉर्डिंग त्याच्यासमोर बंद करा, पण लगेच उठू नका. कमी बोलणारी माणसं बहुधा नेमकी तेव्हा बोलतात. तो बोलू लागला तर थांबवून विचारा, 'हे पुन्हा चालू करू का?' नको म्हणाला, तर नुसतं ऐका.